पेटी, पोथी आणि हिरकणीवाडीची मुले

मराठीचे अध्यापन करणाऱ्या व्यक्तीने वाचनसंस्कृतीविषयी बोलणे हा जणू तिच्या व्यवसायाचाच भाग मानला जातो. मीही गेली अनेक वर्षे व्यासपीठांवरून या विषयावर बोलत आले आहे. प्रस्तुत लेखात मात्र मला भाषण करावयाचे नाही. माझ्या हातून झालेल्या एका चुकीची आणि त्या चुकीने मला जे शिकविले त्याची नोंद येथे करावयाची आहे.

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता नाते गावावरून जातो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 'मेघदूता'चे मराठी अनुवादक चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली याच गावी झाला. पुढे पाचाड लागते. जिजाऊंची समाधी तेथे आहे. त्याच परिसरात, गडाच्या कड्याखाली, हिरकणीवाडी वसली आहे. १९९६ साली गडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाला. त्याचे खालचे स्थानक याच वाडीत आहे. शनिवार-रविवारी येथे पर्यटकांची रीघ लागते. वाडीतील बायका ताक, लिंबू सरबत, पिठले-भाकरी विकतात आणि मुले त्यांच्या हाताशी असतात. सोमवारी वाडी पुन्हा आपली होते. बरीच घरे मुंबईच्या पगारावर उभी आहेत. तरणीताठी माणसे गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात.

२०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. २०१८ च्या त्या दिवशी आम्ही काही सहकारी आणि विद्यार्थी पुस्तकांची एक पत्र्याची पेटी घेऊन हिरकणीवाडीत गेलो. शंभराहून थोडी अधिक पुस्तके होती. निवड मी स्वतः केली होती आणि तिचा मला अभिमान होता. दीपप्रज्वलन झाले, तीन भाषणे झाली, त्यांतले सर्वांत लांब माझे. मुले मांडी घालून शांत बसली होती. ती शांतता मी श्रवणाची समजले.

पुढील वर्षी श्रावणात मी पेटी पाहावयास गेले. पेटीला कुलूप होते; किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. झाकण उघडले तेव्हा पुस्तके मी ठेवली होती त्याच क्रमाने होती. एकाही पानाला मुडप नव्हती, कोठे तेलाचा डाग नव्हता. ज्यांनी पेटी सांभाळली त्यांनी मला ती कौतुकाने दाखविली. 'मॅडम, एक पुस्तक हरवू दिलं नाही,' असे ते म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. पुस्तके जपावीत असेच मी भाषणात सांगितले होते. ग्रंथ हे वापरण्यासाठीच असतात, हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला पहिला नियम सांगावयाचे मात्र राहून गेले होते.

महाराष्ट्रात ग्रंथ लोकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न थोडे झालेले नाहीत. आमच्या दक्षिणेला रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालत आले आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. १९७४ मध्ये 'ग्रंथाली'ने वाचक चळवळ उभी केली. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे पुढे गेले की भिलार लागते. २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते आणि तेथे राहत्या घरांतून पुस्तके मांडली आहेत. या प्रत्येक प्रयत्नाचे मोल मोठे आहे. पण भिलारला येणारा पाहुणा वाचनाची ओढ घेऊनच येतो. ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तकच नाही, त्याच्या मनात ती ओढ निर्माण कशी व्हावी, हा प्रश्न पुस्तके पोहोचल्यानंतरही शिल्लक राहतो.

त्या संध्याकाळी पाऊस वाढल्याने मला वाडीतच राहावे लागले. ज्या घरी उतरले तेथे श्रावणाची पोथी लागली होती, 'हरिविजय'. श्रीधरांनी १७०२ साली पूर्ण केलेला हा ग्रंथ मी विद्यार्थ्यांना प्राचीन वाङ्मयाच्या इतिहासात दोन वाक्यांत सांगून संपवीत असे. येथे त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसे दाटीने बसली होती. घरातील आजोबांची नजर मंदावली होती, म्हणून त्यांचा आठवीतला नातू ओव्या वाचीत होता आणि आजोबा अर्थ सांगत होते. मुलगा अडखळला की पलीकडून कोणीतरी शब्द पुरवी. एका म्हातारीने अर्थाला हरकत घेतली. त्यावर चांगला वाद झाला. मग सर्वांनी चहा घेतला आणि पोथी पुढे सुरू झाली.

तो मुलगा मला ओळखीचा वाटला. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात, 'या मुलाला वाचनाची मुळीच गोडी नाही,' असे त्याच्यासमोरच मला सांगण्यात आले होते आणि मीही मान डोलावली होती. आता तो जुन्या मराठीतील ओव्या लयीत वाचीत होता, कारण त्याच्या वाचण्यावर वीस माणसांची गोष्ट अवलंबून होती. तो थांबला असता तर सारेच थांबले असते. रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. ज्या वाडीत वाचन शिकवावयास मी पेटी घेऊन गेले, तेथे ते माझ्या आधीपासून नांदत होते. त्याच्याकडे मी वाचन म्हणून पाहिलेच नव्हते, कारण ते एकट्याने, मुकाट्याने आणि पेटीतल्या पुस्तकांतून होत नव्हते.

त्यानंतर आम्ही कार्यक्रम घेणे सोडले. पर्यटक नसतात अशा वारी, गुरुवारी संध्याकाळी, एका घराच्या पडवीत बसावयाचे, एकाने वाचावयाचे आणि इतरांनी ऐकावयाचे, एवढेच ठरले. पेटीचे कुलूप काढून टाकले. आरंभासाठी 'श्यामची आई' निवडले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेले आहे. श्याम आश्रमातील मित्रांना दर रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. या रचनेकडे मी वर्गात कथनतंत्र म्हणून बोट दाखवीत असे. पडवीत ती प्रत्यक्ष उपयोगाची वस्तू ठरली : एका बैठकीला एक रात्र. मी पहिली रात्र वाचली, दुसरी त्या नातवाने. तिसरीपासून कोणी वाचावयाचे यावरून भांडणे होऊ लागली. पुढच्या गुरुवारपर्यंत धीर न निघाल्यामुळे एका मुलीने पुस्तक घरी नेले. पेटीतून कोणी आपणहून नेलेले ते पहिले पुस्तक होय.

याच मुलीने पुढे मला निरुत्तर केले. हिरकणीची गोष्ट वाचून झाली होती. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी गवळण कडा उतरून गेली, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तकांतून ठाऊक असते. तिने विचारले, 'मॅडम, ती उतरली ती वाट कुठली? ते ह्यात का नाय?' शहरातील मुलाला हा प्रश्न पडणार नाही. त्याच्यासाठी कडा हा केवळ एक शब्द आहे. या मुलीला तो कडा अंगणातून दिसत होता. कथेला समकालीन साधनांचा भक्कम आधार नाही, ती लोकपरंपरेने जपली आहे, असे मी सांगू लागले. ते ऐकून माझ्या यजमानीणबाई म्हणाल्या, 'बाय, तुझ्या कागदात नसंल. आमच्या आयेनं सांगितलंय.'

मग मुलांनी घरोघर विचारून ती कथा गोळा केली. कोणी हिरकणीचे गाव वाळुसरे सांगितले, कोणी आपलीच वाडी. बाळ घरी कोणापाशी होते, त्या रात्री कोजागिरीचे चांदणे होते की काळोख, यांवरही एकमत झाले नाही. मुलांनी ही सारी कथने एका वहीत लिहून हस्तलिखित तयार केले. पाठभेद म्हणजे काय हे मी पदव्युत्तर वर्गात एक सत्रभर शिकविते. ते या मुलांना एका आठवड्यात कळले. पेटीत ठेवलेल्या पुस्तकांपैकी त्या वहीचीच पाने सर्वांत आधी सुटली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने गुरुवार थांबले. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला. त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबे नष्ट झाली. त्या दुःखापुढे पुस्तकांचा उल्लेख करणेही संकोचाचे वाटते. तरीही नोंदीसाठी लिहिते : माझ्या तळमजल्यावरील घरात, काचेच्या कपाटात जपलेला संग्रह चिखलात गेला. पेटीतील पुस्तके वाडीत विखुरली होती, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या दुकानाच्या फळीवर. त्यांतील बरीच वाचली. पूर ओसरल्यावर त्यांपैकी काही मला परत देण्यासाठी मुले महाडला आली. मी ती घेतली नाहीत.

२०२२ मध्ये बैठक पुन्हा सुरू झाली, पण पूर्वीसारखी नाही. तो नातू मुंबईला कामाला लागला आहे. तो आता वाचतो की नाही, हे मी विचारलेले नाही. ती मुलगी लहान मुलांना वाचून दाखविते. एखाद्या गुरुवारी चारच मुले येतात आणि पर्यटनाच्या हंगामात एकही येत नाही. यावरून कोणताही सिद्धांत मांडण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, वाचनाची गोडी लावावयास निघालेल्याने त्या ठिकाणी कोण कोणाला काय वाचून दाखवीत आहे, हे आधी बसून ऐकावे. माझ्या विभागात अजूनही १५ ऑक्टोबरला कार्यक्रम होतो आणि अजूनही मला बोलावयास सांगतात. आता मी भाषण करीत नाही. एक पुस्तक उघडते, पहिले पान वाचते आणि दुसऱ्या पानासाठी समोर बसलेल्या कोणाच्यातरी हाती देते.