पातेऱ्यातला आवाज

सुट्टीत कोकणात गेलं की शेताच्या भाजावळीसाठी अंगणातला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, गोळा करणं हे माझं काम. रात्री त्याच अंगणात रातकिड्यांची किरकिर चाले. शोधायला निघाले की आजी म्हणायची, "जवळ गेलीस की तो गप्प होतो गो." तसंच व्हायचं. इतकी वर्षं ऐकूनही मी एकही रातकिडा गाताना पाहिला नव्हता.

नोकरीमुळे इंग्लंडात साउदॅम्प्टनला आले. जवळच न्यू फॉरेस्टचं रान. सप्टेंबरातल्या एका दुपारी ओकखालच्या पातेऱ्यातून बारीक घुरघुर ऐकू आली आणि मी थबकले. रातकिडा, आणि भर दुपारी? आवाज नक्की कुठून येतोय तेही कळेना. एक नव्हे, कितीतरी नर एकदम गात होते. मी खाली बसले. पावलांची चाहूल थांबली तसा जवळचा सूर पुन्हा लागला. एका वाकलेल्या पानाच्या कडेला तो दिसला. जेमतेम सेंटीमीटरभर, गडद तपकिरी. त्याने पंख किंचित उचलले, ते थरथरले, एकमेकांवर घासले आणि घुरघुर सुरू झाली. माझे डोळे भरून आले.

पंख पोटाच्या अर्ध्यावरच संपत होते, म्हणून आधी पिल्लूच वाटलं. पण पिल्लांना गाण्याजोगे पंख नसतात. गातोय तो वाढलेला नरच. शेतातला रातकिडा, फील्ड क्रिकेट, म्हणावा तर तो याच्या दुपटीहून मोठा, काळा, उघड्या गवतात बीळ करणारा. हा वुड क्रिकेट, शास्त्रीय नाव नेमोबियस सिल्व्हेस्ट्रिस. तो दिवसाही गातो, रात्रीही. मादी मुकी; तिच्या मागे अंडी घालायची सुईसारखी सरळ नळी असते.

इंग्लंडात याचं आयुष्य दोन वर्षांचं. पहिला हिवाळा अंड्यात जातो, दुसरा पिल्लाच्या रूपात पातेऱ्याखाली. मोठा होऊन गायला मिळतं ते दुसऱ्या उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत. मागचे पंख नाहीतच, त्यामुळे उडता येत नाही. पातेरा झाडून नेला, मधे रस्ता आला, की पलीकडचं रान त्याला परदेशच.

परवा गावी गेले तेव्हा खराटा घेतला, पण कुंपणाकडचा पातेरा हलवला नाही. तुम्हीही रानात एखादं पान उचलून पाहाल, तर ते परत त्याच जागी, होतं तसंच ठेवा.