शिल्लक बारा मिनिटं

"काय साहेब, भरतीला बसताय का?"

सांगलीत पहाटे साडेचारला रस्त्यावरून पळणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. आमच्याकडे त्या वेळी पळतात ती पोलीस भरतीची, नाहीतर सैन्यभरतीची पोरं. त्यांच्यात एक्केचाळीस वर्षांचा, 84 किलोंचा, टक्कल पडू लागलेला कर सल्लागार दिसल्यावर कोपऱ्यावरच्या चहावाल्याला शंका येणारच. "भरतीचं वय कधीच गेलं हो, आता फक्त वजन उतरवायचंय," असं सांगून तो रुबाबात पुढे निघाला आणि शंभर मीटरवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

हा 'तो' म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण ज्याला दुसऱ्यांची खाती तपासायची सवय, त्यानं स्वतःचं खातंही परक्याचं समजूनच तपासावं. शिवाय शर्यतीच्या गोष्टी 'मी' म्हणून सांगायला घेतल्या, की प्रत्येक चढ थोडा उंच होतो.

दीड वर्षानं त्यानं पहिली शर्यत निवडली ती सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 साली सुरू झालेली ही एकवीस किलोमीटरची शर्यत साताऱ्यातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेनं परत येते. जाताना चढ, येताना उतार. कागदावर जमाखर्च जुळलेला. घाटात धुकं होतं, ढोल वाजत होते. वळण घेऊन परत फिरल्यावर 'आता काय, उतारच आहे' म्हणून त्यानं पाय मोकळे सोडले.

खरी गंमत उतारानंच केली. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबता लांबता शरीराचा भार रोखून धरावा लागतो, आणि त्यात स्नायूंच्या धाग्यांना चढापेक्षा जास्त इजा होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून तो कठडा धरून पाठमोरा, एकेक पायरी चाचपत उतरला. दुसऱ्या मजल्यावरचे वकील दारात उभे होते. "काय शोधताय?" त्यांनी विचारलं. "गुडघे," तो म्हणाला.

साताऱ्यात त्याला आणखी एक गोष्ट कळली. शेवटच्या किलोमीटरना त्याच्या बऱ्याच मागून एक गाडी रांगत येत होती. वेळेत न बसणाऱ्यांना उचलून आणणारी ती गाडी. पुढचे कोण, किती पुढे, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो त्या गाडीशी. हौशी खेळाडूची शर्यत विजेत्याशी नसतेच, ती असते कट-ऑफशी. आयोजक सांगतात, अमुक वेळेपर्यंत रस्ता तुमचा. त्या वेळेच्या अलीकडे पोचलात तर मेडल, पलीकडे गेलात तर नावापुढे तीन अक्षरं: डीएनएफ. डिड नॉट फिनिश.

पुढचा टप्पा मुंबईचा. 2004 साली सुरू झालेल्या आणि आता जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनला 42.195 किलोमीटर पळायचे, तर पहाटेच्या अंधारात सीएसएमटीसमोर उभं राहायचं. ही विचित्र संख्या 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधली. 1921 मध्ये तीच कायम झाली. तीस किलोमीटरपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एकाएकी पाय आपले राहिले नाहीत. धावणारे त्याला 'भिंत' म्हणतात. भिंतीचा हिशेब साधा आहे: स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. वाटेत काही भर न घालता पळत राहिलं, तर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास गल्ला रिकामा होतो. चरबीची मुदत ठेव पोटावर भरपूर असते, पण ती मोडायला वेळ लागतो.

अशा अवस्थेत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हेही कळत नाही. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक आजी बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचं ताट, ताटात सोललेल्या संत्र्याच्या फोडी आणि कडेला मिठाचा छोटा ढीग. पुढचे जाऊन दोन-अडीच तास झाले होते. आजींनी फोड मिठात बुडवली आणि थेट त्याच्या तोंडात घातली. "हात नका लावू, घामट आहेत," म्हणाल्या. त्यानं सहा तास वीस मिनिटांत ती मॅरेथॉन संपवली. मेडल कुठल्या कपाटात आहे ते त्याला आता आठवत नाही. मिठाची चव आठवते.

मीठ का हवं होतं, हेही त्याला नंतर कळलं. त्या दिवशी प्रत्येक टेबलावर थांबून त्यानं पाणी ढोसलं होतं. 'भरपूर पाणी प्या' हा लहानपणापासूनचा उपदेश. पण घामातून मीठही जातं, आणि चार-पाच तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात. प्रकरण हाताबाहेर गेलं तर जिवावर बेतू शकतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी रक्त तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि धोका होता तो मुख्यतः शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे जास्त पाणी पिणाऱ्यांना आणि रस्त्यावर जास्त वेळ असणाऱ्यांना. म्हणजे त्याच्यासारख्यांनाच. तेव्हापासून तो तहान लागेल तेवढंच पितो, आणि बाटलीत ओआरएस घालतो.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण धावण्याच्या गटातल्या कुणीतरी ट्रायथलॉनचा विषय काढला.

पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही सलग. 1978 च्या फेब्रुवारीत हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली ती एका वादातून: सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारा, पळणारा की सायकलवाला? अमेरिकी नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी बेटावरच्या तिन्ही शर्यतींची अंतरं एकापुढे एक जोडली. 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 सायकल, वर अख्खी मॅरेथॉन. पंधरा जण उतरले, बारा पोचले. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांत पहिला आला. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली.

आपल्या कर सल्लागाराला मात्र यातली दुसरीच नोंद भावली. स्वतः कॉलिन्स यांना त्या दिवशी 17 तास 38 सेकंद लागले होते. आज पूर्ण आयर्नमॅनचा रूढ कट-ऑफ 17 तासांचा आहे. म्हणजे ज्यानं ही शर्यत काढली, तोच आजच्या नियमानं 38 सेकंदांनी बाद! हे वाचल्यावर त्याला कॉलिन्स आपल्या गावचे वाटायला लागले.

त्यानं अर्ध्या अंतराचं ठरवलं: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 पळणं. पोहणं लहानपणीचं, कृष्णेच्या घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेलं. पण मान वर ठेवून हात मारणं वेगळं आणि पाण्यात तोंड घालून दर तिसऱ्या हाताला श्वास घेणं वेगळं. नदीत सराव करायचा तर आता मगरींची धास्ती. शेवटी तलावात, भरतीच्याच वयाच्या एका मुलाकडून, तो नव्यानं पोहायला शिकला. "काका, पाण्याशी भांडू नका," हे त्या मुलाचं पालुपद.

घरची बाजूही या खात्यात मांडली पाहिजे. सायकलीसाठी मोडलेली एफडी, दर रविवारी सकाळचे पाच तास, मार्चअखेरीला ऑफिसातल्या खुर्चीतच लागलेली डुलकी. एकदा लांब सायकलिंग करून आल्यावर त्यानं अकरा चपात्या खाल्ल्या. बायको लाटणं खाली ठेवून म्हणाली, "अहो, तुमची शर्यत एका दिवसाची. माझी वर्षभर चाललीय."

पहिला प्रयत्न कोल्हापुरात, राजाराम तलावावर. पोहून बाहेर आला तेव्हा हा गडी खुशीत होता. सायकलवर चाळीस किलोमीटर झाले आणि मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायची तालीम त्यानं घरी केली होती, पंख्याखाली, चहा पीत. रस्त्याकडेला, घामानं निसटणाऱ्या बोटांनी त्यानं नवी ट्यूब घातली, टायर रिममध्ये दाबला आणि हवा भरली. फट्ट! टायर आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली होती. दुसरी ट्यूब जवळ नव्हती. चूक सर्वस्वी त्याची. मागून येणाऱ्या एकानं आपली ट्यूब दिली, पण तोवर पाऊण तास गेला होता.

सायकलचा टप्पा संपला तिथं कॉलेजची एक मुलगी हातात कागद घेऊन उभी होती. कट-ऑफ नऊ मिनिटांपूर्वी होऊन गेला होता. ती खाली बसली, त्याच्या घोट्यावरचा वेल्क्रोचा पट्टा तिनं अगदी हळू, जखमेवरची पट्टी काढावी तसा सोडवला आणि त्यातली टायमिंगची चिप टोपलीत टाकली. टोपलीत आधीच पाच-सहा चिपा होत्या. "सॉरी काका," म्हणाली. "पुढच्या वर्षी या." घोट्याभोवती पट्ट्याचा पांढरा ठसा उमटला होता. घरी जाईपर्यंत तो त्याकडेच बघत होता.

पुढचं वर्ष सरावातच गेलं. दर बुधवारी एक ट्यूब काढायची आणि घालायची, मागच्या चाकाची, डोळे मिटून. बायको शेजारी फोनवर वेळ लावायची. अठरा मिनिटांवरून तो सहावर आला. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचं. या सरावाला ब्रिक म्हणतात, आणि पाय खरोखरच विटेसारखे जड पडतात.

मग गोवा. मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 पासून आयर्नमॅन 70.3, म्हणजे अर्ध्या अंतराची शर्यत, होते. कट-ऑफ तीन: पोहणं 1 तास 10 मिनिटांत, सायकल संपेपर्यंत साडेपाच तास, सगळं मिळून साडेआठ. समुद्राला तलावासारखा काठ नसतो. लाटेच्या खोलगटात तरंगते नारिंगी बोये दिसेनासे होतात, तोंडात खारट पाणी, कुणाची टाच चष्म्यावर. एक क्षण त्याला वाटलं, संपलं. 'पाण्याशी भांडू नका.' तो उताणा झाला, दहा श्वास मोजले, पुन्हा पालथा झाला. 1 तास 4 मिनिटं. शिल्लक सहा.

सायकलवर पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवता येत नाही. बारा मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंड. दर अर्ध्या तासाला एक घास, दर वीस मिनिटांनी दोन घोट, भूक असो वा नसो. पहिल्या वर्षी इथं सैन्यदलाच्या बिश्वरजित सैखोमनं 4 तास 42 मिनिटांत सगळी शर्यत संपवून पहिला क्रमांक घेतला होता. 4 तास 42 मिनिटांना आपला गडी अजून सायकलवरच होता, आणि मागच्या चाकाकडे दर पाच मिनिटांनी वाकून बघत होता. चाक टिकलं. 5 तास 10 मिनिटं. शिल्लक वीस.

बूट बदलून पळायला निघेपर्यंत 5 तास 17 मिनिटं झाली होती. उरले 3 तास 13 मिनिटं, एकवीस किलोमीटरना. किलोमीटरला नऊ मिनिटं. खाती जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं गणित डोक्यातल्या डोक्यात येतं. दमट हवा, डोक्यावर ऊन, टोपीत बर्फ. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. शेवटच्या फेरीत त्याच्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, त्याच लयीत चालत-पळत. दोघं एक अवाक्षर न बोलता पाच किलोमीटर एकमेकांच्या सोबतीनं गेले. कमानीजवळ त्यांनी त्याला हातानं पुढे जायची खूण केली. त्यानं मान हलवली. त्याच आधी गेल्या.

8 तास 18 मिनिटं. शिल्लक बारा.

कमानीपलीकडे एक मुलगा खाली बसला आणि त्यानं घोट्यावरचा पट्टा काढला. टर्रकन, एका झटक्यात, हजारावी चिप काढावी तसा. त्याच्या टोपलीत चिपांचा ढीग होता. पट्ट्याचा ठसा तसाच पांढरा होता.

वाचकांना एकच सांगायचं आहे. पळा किंवा पळू नका, तो तुमचा प्रश्न. पण मॅरेथॉन तुमच्या रस्त्यावरून जात असेल, तर पहिले पळणारे गेले म्हणून खुर्ची आत नेऊ नका. आणखी तीन तास बसा. खरी गरज असणारे त्यानंतर येतात. संत्री देणार असाल तर सोलून, बिया काढून ठेवा. तोवर त्यांची बोटं वळत नसतात. आणि कडेला थोडं मीठ असू द्या.