पुलावरचे गुरुवार

पुण्यातल्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला ती १ ऑक्टोबर २०२२ची रात्र. खरं तर २ तारीख लागली होती, एक वाजून गेला होता. मी टीव्हीसमोर जागा. सहाशे किलो स्फोटकं लावली होती म्हणे. धुरळा उठला, खाली बसला.. आणि पाहतो तर पूल बराचसा उभाच! काँक्रीट फुटलं होतं, पण आतल्या सळया हटून बसलेल्या. शेवटी यंत्रं लावून पाडावा लागला. मला (कुणाला सांगू नका) बरं वाटलं.

कारण त्या पुलावर मी आणि माझा एक मित्र, तोही मास्तरच, दर गुरुवारी भेटायचो. मी कोथरूडहून, तो भूगावहून बसने. कठड्याशी उभं राहून खालचा हायवे बघायचा, औषधांच्या गोळ्यांचा हिशोब करायचा, की परत घरी.

नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ला खुला झाला. भूमिपूजन २०१७चं. काम चांगलं झालं, नाही कसं म्हणू? तिथे तास-तास अडकणारा माझा मुलगा खूश आहे. पहिल्या खेपेला मात्र आम्ही मुळशीऐवजी वारज्याकडे निघालो, इतक्या त्या वाटा!

उद्घाटनानंतर मित्राला फोन केला. म्हटलं, आता उभं कुठे राहायचं? तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्या कडेला उभे राहा, मी ह्या कडेला. हात करू."

हसलो दोघंही. हल्ली गुरुवारी फोनच असतो.