दाखला

बिऱ्हाड हलवताना सामान कितीही मोजून घ्या, मागे काहीतरी राहतेच. ठाण्याला मुलाकडे काही वर्षे काढून आम्ही सायवनला परतलो, तेव्हा भांडीकुंडी आणि पुस्तकांबरोबर माझा सर्व्हरही आला. सर्व्हर म्हणजे काही अजस्र यंत्र नव्हे. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी. इथल्या पाड्यांवरच्या लग्नांत धवलेरींनी म्हटलेली गाणी मी त्यांच्या संमतीने मुद्रित करून तीत साठवली आहेत. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते. पोथी नसते, सारे तिच्या कंठात. म्हणून ती पेटी मी सबंध वाटभर मांडीवर घेऊन बसलो होतो.

इंटरनेटचा नवा पत्ता माझ्या संकेतस्थळाच्या नावापुढे नोंदवला आणि महिनाभर सारे सुरळीत चालले. मग ऐन दिवाळीच्या तोंडावर एका धवलेरीची नात मोबाइल घेऊन ओटीवर आली.

"गुरुजी, आजीची गाणी लागत नाहीत. तुमची जागा सुरक्षित नाही म्हणतो हा फोन."

ज्या गावात मी पंचवीस वर्षे शिकवले, तिथे माझ्यावर हा आळ!

"खाली बारीक अक्षरांत 'पुढे जा' असे आहे. दाबू का?"

"नको ग. आज माझ्यावरच्या विश्वासाने दाबशील. उद्या बँकेचे सोंग घेतलेल्या पानावरही बोट तसेच जाईल."

दोष दाखल्याचा होता. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा २०१५ पासून संकेतस्थळांना असे दाखले फुकट देते. माझा ९० दिवसांचा होता. तो नावावर असल्यामुळे ठाण्याहून आणला तरी चालला. पण मुदत संपली आणि आपोआप व्हायचे नूतनीकरण झालेच नाही. मी पुन्हा पुन्हा आज्ञा दिली. पाच वेळा फसल्यावर उत्तर आले, तासाभराने या! कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या माणसाला हे वाक्य नवे नव्हते.

त्या सक्तीच्या तासात पेटीची नोंदवही प्रथमच वाचली. बिचारी कित्येक दिवस तक्रार करीत होती. दाखला देणारे आधी एक खूण देतात, ती आपल्या घरात ठेवायला सांगतात, आणि ८० क्रमांकाच्या दाराने येऊन ती पाहून जातात. खूण सापडली, की घर तुमचे. ठाण्याला हे दार उघडे होते. इथे नव्या राउटरवर मी फक्त ४४३ क्रमांकाचे, सांकेतिक लिपीत बोलणारे सुरक्षित दार उघडले आणि जुने ८० शहाणपणाने बंद ठेवले. पाहुणे येत राहिले. तपासनीस मात्र रोज कडी वाजवून परत गेला.

ते दार उघडले. तिथे येणाऱ्या इतरांना ४४३ कडे धाडण्याची सोय केली. मिनिटभरात दाखला आला.

पोरीने पुन्हा बोट टेकले, आणि ओटीवर तिच्या आजीचा आवाज घुमला. ती ऐकता ऐकता म्हणाली, "गुरुजी, तीन महिन्यांनी पुन्हा विसराल."

काम यंत्र आपोआप करणार आहे. तरीही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मी तिच्यादेखत लिहून ठेवले: नोंदवही वाचणे.