ता चेडू

दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर तीन चित्रं काढते: चमचा, काटा, सुरी. खाली लिहिते, देअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. एकाच ताटाशेजारी ठेवायच्या तीन वस्तू, तिघींची तीन लिंगं. वर्गात चुळबुळ होते आणि कुणीतरी धीट मुलगा विचारतो, "मॅडम, याला काही लॉजिक?"

मी त्याला दाराकडे बघायला सांगते. ते दार. ती भिंत. तो उंबरा. "हे तुला कुणी शिकवलं रे?"

तो गप्प होतो. सगळा वर्ग दाराकडे बघत राहतो, जणू आत्ताच कुणी ते तिथे आणून बसवलं आहे. या शांततेची मी वर्षभर वाट बघत असते. भिंत 'ती' का, हे आपल्याला कुणीच सांगितलेलं नसतं. कुणाच्या तरी कडेवर बसून त्या भिंतीवर थापट्या मारताना ते आपल्यात येऊन राहिलेलं असतं.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी जर्मन शिकवते. सकाळी अकरावी-बारावी, संध्याकाळी सर्टिफिकेट कोर्स. त्याआधी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढली. जेवढे तास तेवढं मानधन, तेही तीन-तीन महिन्यांनी, आणि मे महिन्यात काहीच नाही. त्या दिवसांबद्दल एवढंच सांगते की एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात पोचायला बसमध्ये जो वेळ मिळे, त्यात मी वह्या तपासत असे. मुलांच्या चुका मला त्या बसमध्ये पहिल्यांदा नीट दिसल्या.

सुरुवातीची सात वर्षं मी वर्गात मराठी येऊ दिली नव्हती. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवायची, असं आमच्या प्रशिक्षणात सांगितलेलं, आणि अडलंच तर इंग्रजी. मुलं मराठीत काही विचारू लागली की मी हाताने थांबवायचे. माझा हेतू वाईट नव्हता, पण तो हात मला अजून आठवतो. एखाद्या मुलाच्या तोंडातून अर्धं बाहेर आलेलं वाक्य मी परत आत ढकलत होते.

ते दार एका मुलीने उघडलं.

ती कुडाळकडची. पुण्यात नर्सिंग करत होती, हॉस्टेलवर राहायची आणि संध्याकाळच्या वर्गाला शेवटच्या बाकावर बसायची. अतिशय जपून, पाय उचलून टाकल्यासारखं शुद्ध मराठी बोलायची. एकदा मात्र जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, ओढणी तोंडाशी धरून तिला फोनवर बोलताना मी ऐकलं होतं. "होय गो आये, जेवलंय." मला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला, चोरी सापडावी तसा.

त्या दिवशी धडा होता 'दास मेडशेन'चा. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि जर्मनमध्ये ती नपुंसकलिंगी. शब्दाच्या शेवटी 'शेन' लागला की तो शब्द छोटा होतो, लाडका होतो, आणि काहीही असला तरी 'दास' होतो. वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा तर अपमान आहे." तिचं म्हणणं मला समजत होतं. हिंदीत दोनच लिंगं, इंग्रजीत मुलगी 'शी'. त्या दोन भाषांमधून पाहिलं तर हे विचित्रच दिसणार.

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याकडे पण 'ता'च म्हणतात."

"काय?"

"चेडू." तिने मान खाली घातली होती. "चेडू म्हणजे मुलगी. तो नाही, ती पण नाही. ता चेडू."

मी खडू तिच्यापुढे धरला. ती फळ्याशी आली आणि एकाखाली एक लिहिलं: तो झील, ती बायल, ता चेडू. शेजारी मी लिहिलं: देअर, दी, दास. हसू थांबलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण तुला वाईट नाही वाटत?" ती म्हणाली, "त्यात वाईट काय वाटायचं? आये मायेन बोलता तेव्हा तसाच बोलता. तिच्यासाठी मी अजून ताच." आपण मालवणीत बोललो हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी हात वर केला नाही.

गोव्यातल्या कोंकणीतही लहान मुलीला 'तें' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं. पण सात वर्षं 'मेडशेन' शिकवताना एकदाही ते माझ्या ओठावर आलं नव्हतं, कारण वर्गाबाहेर काढलेल्या भाषेत ते राहत होतं.

त्या रात्री मी सगळ्या जुन्या टिपणवह्या काढून बसले आणि मग थांबताच येईना. आकडे घ्या. जर्मनमध्ये 21 म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे हटकून अडखळतात, आधी दोन लिहून मग एक लिहावा की उलटं, हेच त्यांना सुचत नाही. आणि आपलं एकवीस? एक, मग वीस. पंचवीस, पस्तीस, अठ्ठेचाळीस, बहुतेक ठिकाणी एकक पुढे आणि दशक मागे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला, तेव्हा मी वर्गात सांगितलं की जर्मनीतही बोखुमच्या विद्यापीठातल्या गणिताच्या एका प्राध्यापकांनी हीच मागणी घेऊन संस्था काढली आहे, आणि तिचं नावच 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे वीस-एक. मुलांना आनंद झाला तो वेगळाच. आपल्या आकड्यांची अडचण इतक्या लांब कुणाचीतरी आहे, याचा.

किंवा घड्याळ. 'हाल्ब द्राय' म्हणजे शब्दशः अर्धा तीन, पण वेळ अडीचची. मुलं साडेतीन समजतात आणि गोष्टीतल्या पात्राची गाडी चुकते. मी फळ्यावर 'अर्धतृतीय' लिहिते. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धाच भरला. या संस्कृत शब्दाचा झिजत झिजत 'अडीच' झाला. आपल्या आज्या अडीच शेर तांदूळ मोजत आल्या तेव्हा 'हाल्ब द्राय'च मोजत होत्या. दीडही तसाच, दुसरा अर्धा. एवढं सांगितल्यावर त्या घड्याळात पुन्हा फारसं कुणी चुकत नाही.

आणि थंडी. इंग्रजीतून विचार करणारा मुलगा लिहितो 'इश बिन काल्ट'. त्याचा अर्थ होतो, मी थंड आहे, हाताला किंवा मनाने. जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट काल्ट'. मला. थंडी मला होते. मराठीत आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, आवडतं, आठवतं, वाईट वाटतं, सगळं 'मला'. शाळेत चतुर्थीचा प्रत्यय पाठ करताना हे कुणी दाखवलं नव्हतं की जे आपल्या हातात नाही, जे आपल्याकडे चालून येतं, त्यासाठी आपल्या भाषेने एक वेगळी जागा राखून ठेवली आहे. जर्मननेही ती ठेवली आहे. दातीफ, म्हणजे जर्मनची चतुर्थी, शिकवायला मी पूर्वी चार तास घ्यायचे. आता 'मला थंडी वाजते' लिहून खडू खाली ठेवते.

सगळं असं जुळत नाही. मराठीत 'एक' आणि 'तो' नामापुढे लावल्यावाचून चालतं, म्हणून आमची मुलं वर्षानुवर्षं 'मी पुस्तक वाचते' असं उघडंबोडकं जर्मन लिहितात. तिथे मराठीच आड येते. आणि एके ठिकाणी जर्मन तोकडी पडते. कुडाळच्या त्याच मुलीने विचारलं होतं, "मॅडम, 'विअर' म्हणजे आपण की आम्ही?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मग समजायचं कसं?"

आपण जाऊ या, यात तू आहेस. आम्ही जातो, यात तू नाहीस. मराठीत बोलावणं आणि निरोप यांच्यात फक्त हा एक शब्द असतो. जर्मनमध्ये दोन्हींना एकच 'विअर'. समोरच्याच्या चेहऱ्यावरून समजतं, असं मी तिला सांगितलं. उत्तर बरोबर होतं, पण ते ऐकताना तिचा चेहरा उतरला होता आणि मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

येरवड्याच्या बाजूला गेले की डेक्कन कॉलेजच्या फाटकापाशी माझं मन जर्मन संस्कृतपंडित फ्रान्स कीलहॉर्न यांच्याशी बोलायला लागतं. 1866 मध्ये ते पुण्यात आले आणि 1881 पर्यंत इथे संस्कृत शिकवत राहिले. शिकवता शिकवता पुण्याच्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण शिकले, पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईहून निघाली, आणि पुढे ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले. परक्या गावात परकी भाषा शिकवणाऱ्या त्या माणसाने गुरू म्हणून खुर्चीत बसावं आणि शिष्य म्हणून सतरंजीवर, हे दोन्ही एकाच शहरात. शंभर वर्षांनी दुसरे एक जर्मन, गुंथर सोन्थायमर, धनगरांच्या वाड्यांवर ओव्या ऐकत आणि टिपत हिंडले. पुस्तकी मराठीवर ते थांबले नाहीत. मेंढरांमागे चालणाऱ्यांची मराठी त्यांना हवी होती. सोन्थायमर जन्माने उल्मचे. हे गाव पुढे माझ्या घरात रोज बोललं जाईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

2024 साली महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि माझा संध्याकाळचा वर्ग बदलून गेला. आता ग्योटेसाठी कुणी येत नाही. हातात प्लास्टिकची फाइल, आत मार्कशीटच्या झेरॉक्स, आणि पहिला प्रश्न, "बी-टूला किती महिने?" नर्स म्हणून तिथे पूर्ण मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी बी-टू या पातळीपर्यंतची भाषा लागते. पोटासाठी भाषा शिकणं मला कमी प्रतीचं वाटत नाही. कर्ज काढून, रात्रपाळी करून आलेली मुलगी विभक्तीचे तक्ते ज्या डोळ्यांनी बघते, तसे डोळे मी साहित्याच्या वर्गात क्वचित पाहिले. राग येतो तो सहा महिन्यांत बी-टूची हमी देणाऱ्या पाट्यांचा. तिथे वाक्यं पाठ करून घेतात. ती परीक्षेत येतात. रात्री तीन वाजता वॉर्डात घंटा वाजते तेव्हा येत नाहीत.

कुडाळची ती मुलगी या कराराच्या आधीच जर्मनीला गेली होती. माझ्याकडे बी-वन केलं, पुढचं दुसरीकडे. आणि लागली नेमकी उल्मच्या बाजूला, वृद्धांच्या शुश्रूषागृहात. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला तो रडतच. "मॅडम, मला काहीच कळत नाही. तुम्ही शिकवलेलं जर्मन इथे कुणी बोलत नाही." मी हादरले. माझ्या शिकवण्यात काय राहिलं, याचा शोध घेत ती रात्र काढली. तिकडच्या म्हाताऱ्यांची भाषा म्हणजे श्वेबिश, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तिला विमानात बसवण्याआधी मी ते सांगितलं नव्हतं, आणि ही माझी चूक लहान नव्हती. मग तिने हळूच विचारलं, "स्टेशनरूममध्ये सगळ्या 'विअर, विअर' म्हणत असतात. त्यात मी असते का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. चेहऱ्यावरून समजतं, असं फोनवर कसं सांगणार?

नंतर तीन-चार महिने फोन नाही. दिवाळीत आला. आवाज वेगळाच होता, मोठा, मोकळा, मागे भांड्यांचा आवाज.

"मॅडम, कळला माका! हंयच्यो म्हाताऱ्यो मालवणी बोलतत!"

"म्हणजे?"

म्हणजे असं की ती आपली पाठ केलेली वाक्यं बाजूला ठेवून नुसती ऐकू लागली. 'इस्ट'चं 'इश' होतं, 'निश्ट'चं 'नेट' होतं, शब्दांच्या कडा जातात आणि सूर चढतो. पुण्यात मराठी आणि घरी मालवणी, असं तिचं आयुष्यभर चाललं होतं. तेच इथे. एक भाषा कागदावरची आणि एक माजघरातली. या आज्या माजघरातून बोलत होत्या. ते एकदा ओळखल्यावर तिने त्यांनाच विचारायला सुरुवात केली, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. आपली बोली कुणीतरी शिकतंय म्हटल्यावर त्या सकाळचं जेवण लांबवायला लागल्या. सोबतच्या जर्मन नर्स उत्तरेकडच्या, त्यांनाही काही शब्द लागत नाहीत. आता त्या हिला विचारतात.

"आणि मॅडम, 'शेन' नाही इथे. 'ले' म्हणतात. मेडशेन नाही, मेडले."

"दास मेडले?"

"दास पण नाही पुरतं. नुसतं स. स मेडले."

नव्वदीतली एक बाई आहे, ती म्हणाली. डोळ्यांनी कमी दिसतं, माणसांची नावं राहत नाहीत. पण हिची पाळी संपून ही कपडे बदलायला गेली की ती पलंगावर उठून बसते आणि दुसऱ्या नर्सला विचारते. "वो इश स मेडले?"

"म्हणजे काय ते सांगू?" ती मला विचारत होती. मला कळलं होतं, तरी मी म्हटलं, सांग.

"ता चेडू खंय गेला?"