रोजच्या स्वयंपाकाचें माप

सणावाराच्या पक्वान्नांची कृति विचारली म्हणजे घरांतील चार बायका उत्साहानें सांगूं लागतात. पुरणाला गूळ कोणता, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवावयाचे, चिरोट्याला साटा कसा लावावयाचा, यांवर वादहि रंगतो. परंतु रोजच्या आमटीची कृति कोणी विचारीत नाहीं आणि म्हणून कोणी सांगतहि नाहीं. वास्तविक वर्षांतील तीनशेंहून अधिक दिवस आपण साध्याच अन्नावर काढतों. शरीर त्यावरच पोसतें. आणि 'आमच्या घरची चव' म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतों, तीहि या आमटीभाजींतच असते.

संस्कृतांत पाकविद्येला 'सूपशास्त्र' आणि आचाऱ्याला 'सूपकार' असे शब्द आहेत. सूप म्हणजे शिजविलेल्या डाळीचें कालवण. एवढ्या मोठ्या विद्येला नांव मिळालें तें पक्वान्नावरून नव्हे, तर वरणावरून, याचें वर्गांत शिकवितांना मला नेहमीं कौतुक वाटे. ग्रंथकारांचें लक्ष मात्र बहुधा मोठ्या पंक्तीकडे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला. त्यांतील अन्नभोगाचें प्रकरण राजाच्या ताटाचें आहे. आपल्या काळांत कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरे'नें वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें, हे उपकार मोठेच. तथापि प्रत्येक घराचा हात निराळा. आपल्या आमटीचें माप आपल्याच घरांत शोधावें लागतें, आणि तें ज्या हातांत असतें तो हात जन्मभर पुरत नाहीं.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. थोरल्या वहिनींचें वय आतां ८४. साठ वर्षें हें स्वयंपाकघर त्यांनीं चालविलें. गेल्या चैत्रांत त्यांना दोनदां घेरी आली आणि डॉक्टरांनीं शेगडीपुढें उभें राहण्यास मनाई केली. स्वयंपाक सुनांकडे आला. दोघीहि नोकरी सांभाळून मनापासून करतात, परंतु माप विचारलें कीं वहिनींचें उत्तर एकच, "अंदाजानें घालावें." शिक्षणासाठीं बंगळूरला राहणारी नात फोनवरून हेंच विचारी आणि हेंच उत्तर ऐके. शेवटीं वही, पेन्सिल आणि तोलकांटा घेऊन मीच स्वयंपाकघरांत जाऊन बसलों.

वहिनी हंसून म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर मुलांचें व्याकरण तपासलेंत, आतां माझी आमटी तपासणार वाटतें?"

"तपासणार नाहीं, वहिनी. उतरवून घेणार. तुम्ही नेहमींप्रमाणें डाळीची मूठ भरा. फक्त ती आधीं माझ्या ताटलींत टाका."

चार दिवस मीं त्यांची मूठ तोलली. चारहि दिवस ती ४५ ग्रॅमच्या आसपास भरली. फरक दोन-तीन ग्रॅमांपलीकडे गेला नाहीं. ज्याला आपण अंदाज म्हणतों तो मापाचा अभाव नव्हे. तें साठ वर्षांत हातांत मुरलेलें माप आहे. मुरलेलें असल्यामुळें तें धन्यालाच सांगतां येत नाहीं, इतकेंच. मग मीं त्यांना "किती?" असें विचारणें सोडलें आणि "तें आधीं कां घालतां? हें मागाहून कां?" असें विचारूं लागलों. त्याचीं उत्तरें त्यांच्या जिभेवर तयार होतीं.

चिंचगुळाच्या आमटीचा त्यांचा नियम तिघांना दोन मुठी तुरीच्या डाळीचा. म्हणजे सहा माणसांस चार मुठी, सुमारें १८० ग्रॅम. डाळ अर्धा तास भिजवून, हळद, चिमूटभर हिंग आणि तेलाचे चार थेंब घालून मऊ शिजवावी व घोटावी. दोन चमचे तेलाची मोहरी, पांचसहा मेथीदाणे, हिंग, हळद, तिखट आणि कढीलिंब घालून फोडणी करावी. तींत डाळ व पाणी घालून उकळी आल्यावर लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चहाचे चमचे गोडा मसाला आणि मीठ घालावें. चिंचेच्या दीडपट गूळ शेवटीं. सातआठ मिनिटें मंद उकळूं देऊन वर ओलें खोबरें व कोथिंबीर. चिंच आधीं कां नको? आंबट पडलें कीं डाळीचा दाणा ताठ राहतो, मग कितीहि शिजवा. येथें उत्सर्ग आहे, अपवाद नाहीं.

ताकांतल्या चाकवताचें मर्म पिठांत आहे. एका जुडीला मूठभर हरभऱ्याची डाळ व मूठभर शेंगदाणे आधीं दोन तास भिजवून, भाजीबरोबरच शिजवावे. भाजी घोटून तींत दोन चमचे डाळीचें पीठ कालवावें, मग दोन वाट्या आंबट ताक घालावें आणि मंद आंचेवर एकसारखें ढवळीत राहावें. पीठ ताकाला धरून ठेवतें. तें नसलें किंवा आंच मोठी झाली कीं ताक फुटतें. मीठ उतरतां उतरतां. वरून तुपाची फोडणी: जिरें, हिंग आणि सुकी मिरची.

थालीपिठाच्या भाजणीचें प्रमाण वहिनींनीं मला एका दमांत सांगितलें: "चार-चार, दोन-दोन, एक-एक." ज्वारी व बाजरी चार-चार वाट्या, तांदूळ व हरभऱ्याची डाळ दोन-दोन, उडीद व गहूं एक-एक, शिवाय अर्धी वाटी धणे. सूत्र म्हणतात तें याहून निराळें काय असतें! प्रत्येक धान्य वेगळें भाजावें, कारण बाजरीचा दाणा बारीक आणि हरभऱ्याची डाळ जाड. एकत्र भाजलीं तर एक करपतें आणि दुसरें कच्चें राहतें. खमंग वास सुटला कीं उतरावें. पीठ कोमट पाण्यानें भिजवावें, थालीपीठ थंड तव्यावर थापावें, मध्यें भोंक पाडून त्यांत तेल सोडावें आणि झांकण ठेवून सावकाश होऊं द्यावें.

अशा तेवीस कृति आतां वहींत उतरल्या आहेत. त्यांतल्या एकीचेंहि पक्वान्नांत नांव नाहीं. परवां धाकट्या सुनेनें वही उघडून आमटी केली. वहिनींनीं पळीभर आमटी वाटींत घेऊन चाखली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे. गूळ सुपारीएवढा वाढव. हा गूळ कमी गोड आहे, त्याला ती काय करील?" गुळाच्या रकान्यापुढें "चाखून पाहून" असे दोन शब्द मीं त्यांच्या देखत जोडले.

वाचकांच्या घरींहि अशी एखादी आजी, काकू किंवा आत्या असेलच. तिला पाककृति लिहून द्या म्हणूं नका. ती नाहींच म्हणेल. ती स्वयंपाकाला लागली म्हणजे एक ताटली व एक तोलकांटा घेऊन शेजारीं बसा, आणि तिच्या मुठीपासून आरंभ करा. हें काम पुरुषांनींहि करण्याजोगें आहे. निवृत्त माणसाला तर सकाळचा वेळ भरपूर असतो. मात्र तें पुढच्या वर्षावर टाकूं नये.