ट्रेलर ओढणारी गाडी निवडताना

फौजेतून घरी आलेल्या माणसाला गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कॅन्टीनमध्ये काय काय मिळतं, आणि गाडी कुठली घ्यावी? पहिल्या प्रश्नाला मी हसून बगल देतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र देतो, कारण नोकरीची बहुतेक वर्षं एमटीत गेली.

मागच्या महिन्यात आमच्याच युनिटच्या एका हवालदाराचा फोन आला. निवृत्त होऊन वर्ष झालं, गाव पाटण तालुक्यात. लग्न-जत्रांना भाड्याने द्यायला ट्रेलरवर बसवलेला जनरेटर घेतोय. ट्रेलरसकट वजन सव्वा टन. ओढायला फोर बाय फोर हवी, कारण वाड्या-वस्त्यांचे रस्ते पावसाळ्यात चिखलाचे. समोर दोन गाड्या होत्या. एक लिलावातली पेट्रोल जिप्सी, दुसरी दोन टन वजनाची जुनी डिझेल एसयूव्ही. गाडी चालवणार त्याचा मुलगा, आणि धंदा चिपळूणपर्यंत न्यायचा, म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट. ग्रॅच्युइटीतला मोठा वाटा यात जाणार होता. प्रश्न एकच : "साहेब, अ‍ॅव्हरेज कुठली जास्त देईल?"

मी म्हटलं, अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीचं विचारतोस की जनरेटर मागे लावल्यावरचं?

फौजेत प्रत्येक गाडीचा केपीएल ठरलेला असतो आणि कार डायरीत लिटरचा हिशेब द्यावा लागतो. जुन्या मंडळींना जबलपूरची जोंगा आठवत असेल. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ताकद भरपूर, पण पीओएलवाल्याच्या कपाळाला आठ्या पाडणारी. तिच्यापुढे जिप्सी म्हणजे काटकसरी सून. पण हिशेब किलोमीटरचा न करता मालाचा केला की चित्र बदलतं. समजा, पाचशे किलो घेऊन जिप्सी लिटरला दहा किलोमीटर गेली. साडेसात टन घेऊन स्टॅलियन तीनच गेली. जिप्सीने एका लिटरमध्ये पाच टन-किलोमीटर काम केलं, स्टॅलियनने साडेबावीस. वजन ओढायचं असेल तर हा हिशेब खरा. शोरूममधला अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो. त्या गाडीमागे ट्रेलर नसतो.

आता टॉर्क. जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, तोही इंजिन बरंच फिरवल्यावर मिळणारा. २०१७ मध्ये फौजेने ३,१९२ सफारी स्टॉर्म मागवल्या. त्यांच्या २.२ लिटर टर्बो डिझेलचा टॉर्क ४००. चढावर ट्रेलर घेऊन निघालात की लहान इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत राहतं, तेल पितं आणि तापतं. मोठं डिझेल तेच काम दीड-दोन हजार फेऱ्यांवर आरामात करतं. रिकामी असताना जी गाडी काटकसरी, ती वजनाखाली उधळी ठरू शकते.

लडाखने आणखी एक धडा दिला. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. खाली ज्या ट्रेलरला गाडी सहज नेते, त्यालाच वर लो गिअर टाकावा लागतो. टर्बो असला की ही घट बरीच कमी. पाटणच्या माणसाला याची गरज नाही, पण हिमाचल-उत्तराखंडचे आपले माजी सैनिक वाचत असतील तर त्यांनी टर्बोशिवाय गाडी बघूच नये.

राजस्थानात पाण्याचा ट्रेलर ओढताना वाळू शिकवते. डांबरापेक्षा मऊ वाळूत चाकाला होणारा विरोध दहापटीच्या घरात जातो. टायरची हवा कमी केली तर गाडी निघते. पण पक्क्या रस्त्याला लागल्यावर हवा परत भरायची असते, आणि तिथेच आळस होतो. मग टायरही जातो आणि डिझेलही. तसंच फोर व्हीलचं. पार्ट टाइम फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून फिरलात तर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात. चिखल संपला की टू व्हीलवर या. आणि वेग आवरा. साठऐवजी ऐंशीने गेलात तर हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त होतो. उभट पेटीसारख्या जनरेटरला तर तो चांगलाच भोवतो.

पण डिझेलच्या हिशेबापेक्षा मोठा हिशेब उताराचा. आमचे उस्ताद एकच वाक्य घोकून घ्यायचे : "जिस गिअर में चढ़ोगे, उसी में उतरोगे." दहाला एक उतार असेल तर सव्वा टनाचा ट्रेलर सव्वाशे किलोच्या जोराने गाडीला मागून ढकलतो, वळणावरसुद्धा. जिप्सीचं स्वतःचं वजन एक टनाला थोडं कमी. म्हणजे मागचा पुढच्यापेक्षा जड. ब्रेक तापून ढिले पडले, रस्ता ओला असला, की कोण कोणाला नेतंय हे सांगता येत नाही. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

म्हणून त्याला चार गोष्टी सांगितल्या. भरलेला ट्रेलर गाडीपेक्षा हलका हवा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, पुढे ढकलू लागला की आपोआप लागणारे. हुक बंपरला नको, चॅसिसला हवा, आणि कंपनी किती वजन ओढायला परवानगी देते ते लेखी घ्यायचं. जनरेटर असा बसवायचा की एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर येईल. वजन मागे गेलं तर ट्रेलर वेगात शेपूट हलवू लागतो. शिवाय ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा, आणि भाड्याच्या धंद्याला खासगी पासिंग चालत नाही. आरटीओची चौकशी टोकन देण्याआधी करायची.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, म्हणजे डिझेलवाली. पण रिकामी असताना ती जास्त पिणार ना?"

"पिणार. म्हणून रिकामी फिरवायची नाही. गावात जायला मोटरसायकल आहे ना?"

त्याला पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न ब्रेकच्या खर्चाचा होता. तोही खर्च जनरेटरच्या किमतीतच धर, म्हटलं. ब्रेक घेणं परवडत नसेल तर छोटा जनरेटर घे. भाडं थोडं कमी येईल, पण पोरगं रात्री घाट उतरत असताना तुला झोप लागेल.

गाडी पसंत पडली की एक काम करा. मालकाला सांगून तितक्याच वजनाचा ब्रेकवाला ट्रेलर मागे लावा आणि गावाजवळच्या एखाद्या छोट्या, मोकळ्या उतारावर लो गिअरमध्ये सावकाश उतरून बघा. चढ सगळेच बघतात. गाडी तुमचं वजन धरून ठेवते का, ते उतार सांगतो.

जय हिंद.